आधी काटा, मग पाना

गॅरेजच्या बाकावरून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच नादाची निघाली : जुनी गाडी हलकी करायची आणि पळवायची. त्यामुळे बुलेटचा सायलेन्सर, ओम्नीचं क्लच आणि ट्रॅक्टरची हायड्रॉलिक यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : मोठ्या काकांनी त्यांची २००१ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, मला दिली. इंजिन अजून कडक आहे. कन्नडच्या घाटात तिला मोकळी सोडायची आणि पुढेमागे कोइम्बतूरच्या ट्रॅकवर न्यायची, असं मनात आहे. पुण्याच्या मित्राने यादी करून दिली : मागची सीट, एसी, स्टेपनी, दारांतले लोखंडी बार, बंपरच्या आतला बीम, सगळं काढ, शंभर किलो सहज जातील. गाडीला चुलतभावाने सतरा इंची अलॉय घातलेत. डिकीत एलपीजीची टाकी आहे, पण किट कधीचं बंद पडलंय. सबवूफरही आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, तुमच्या मित्राची यादी बाजूला ठेवा आणि तुम्हीच लिहिलेल्या शेवटच्या तीन ओळी परत वाचा. बंद किटची टाकी, सतरा इंची अलॉय, सबवूफर. उत्तर तिथेच आहे, आणि मित्राच्या यादीत त्यातलं एकही नाही! लोक कंपनीने घातलेलं आधी उपटतात आणि घरच्यांनी कोंबलेलं तसंच ठेवतात.

पण पान्याला हात लावायच्या आधी गाडी मोजा. चाळीसगावला जिनिंगच्या काट्यांना तोटा नाही. कापसाचा हंगाम सोडून जा, नाहीतर रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खाव्या लागतील. मी धुळ्याला पारोळा रोडवर गॅरेज चालवायचो तेव्हा रिकामी गाडी काट्यावर नेली की काटेवाला हमखास म्हणायचा, ‘गाडीमा काहीच नई, मंग काय मोजी ऱ्हायना भो?’ त्याला हसू द्या. तीन आकडे लिहून घ्या. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं फळीवर, मग फक्त मागची. फळी आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असला तरच धुऱ्यांचे आकडे खरे, हे लक्षात ठेवा. मोठा काटा पाच-दहा किलोच्या खाली बोलत नाही, त्यामुळे सुटे भाग किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजायचे आणि वहीत लिहायचे. टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिहा. लिटरमागे पाऊण किलो धरा, चाळीस लिटर म्हणजे तीस किलो. मोजताना अर्धी टाकी, नंतर पाव टाकी, असं केलंत तर गाडी हलकी झाल्याचा आनंद फुकटचा.

आता टाकीकडे या. एलपीजीची टाकी, तिचं स्टँड, पाइप, पुढचा व्हेपोरायझर (पातळ गॅसची वाफ करणारा डबा) आणि त्याची वायरिंग मिळून तीस किलोच्या आसपास भरतं. काकांनी पेट्रोल वाचवायला बसवलं, ते आता पेट्रोल खातंय. पण ती स्वतः काढू नका. टाकीत गॅस उरलेला असतो, तो हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, गॅरेजच्या खड्ड्यात साचतो. किट बसवण्याचं लायसन्स असलेल्या माणसाकडूनच रिकामी करून काढा आणि आरसी बुकावर गॅसची नोंद असेल तर आरटीओत ती बदलून घ्या. टाकी निघाली की मागच्या स्प्रिंगांत डोकावून बघा. टाकीच्या वजनाने गाडी मागून बसते म्हणून गॅसवाले स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवतात. टाकी गेल्यावर ते तसेच राहिले तर गाडी मागून उचललेली आणि टणक राहते, वळणात उड्या मारते. तेही काढा.

सबवूफरचं खोकं, त्याचा अँप्लिफायर आणि जाड केबल यांचे पंधरा-अठरा किलो धरा. गाण्याशिवाय करमत नसेल तर पुढच्या दारांतले दोन स्पीकर पुरतात.

चाकांवर मात्र थोडं थांबतो, कारण या सगळ्या धंद्यात पैशाला सगळ्यात जास्त मोल इथे मिळतं. बाजारातलं स्वस्त सतरा इंची अलॉय टायरसकट माझ्या काट्यावर एकोणीस-वीस किलो भरायचं. सिटीचं मूळ चौदा इंची चाक टायरसकट तेरा-चौदा. अलॉय म्हणजे हलकं, ही समजूत दुकानदाराने घालून दिलेली आहे. स्वस्त ओतीव अलॉय पुष्कळदा लोखंडी चाकापेक्षा जड निघतं. आता चार चाकांत वीस-चोवीस किलो गेले, पण ते साधे किलो नव्हेत. डिकीतल्या वजनाला इंजिन फक्त पुढे ढकलतं. चाकाच्या कड्यातल्या आणि टायरातल्या वजनाला ढकलावंही लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून तिथला एक किलो गाडी उचलताना साधारण दीड ते पावणेदोन किलोसारखा छळतो. ब्रेक मारताना तोच हिशेब उलटा. वर आणखी एक गोष्ट : चाक, टायर, डिस्क, हब हे सगळं स्प्रिंगच्या खाली लटकतं. खड्ड्यावरून चाक उडालं की ते परत रस्त्यावर दाबायचं काम स्प्रिंग आणि शॉकअपचं. चाक जितकं हलकं तितकं ते लवकर खाली येतं आणि चाक रस्त्यावर असेल तरच पकड असते. धुळे-जळगाव रस्त्याचा जो काळ आपण सगळ्यांनी भोगला, त्या काळात मी हे माझ्या कंबरेने शिकलो. तेव्हा सतरा इंची विका आणि मूळ मापाची किंवा फार तर पंधरा इंची, खात्रीच्या कंपनीची हलकी चाकं घ्या. घेण्याआधी दुकानात काटा मागवून मोजा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

यानंतरचं काम मळकट आहे, पण मला ते फार आवडायचं. पुढच्या मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर खोला. आपल्या भागातली गाडी असेल तर मागून काळी माती निघणार. तापीकाठची, गिरणाकाठची ती चिकट माती पावसाळ्यात चाकाबरोबर उडते, अस्तराच्या वरच्या कोपऱ्यात बसते, वाळून विटेसारखी होते आणि दर पावसात पाणी पिऊन फुगते. स्क्रू ड्रायव्हरने खरवडली की ढेकळं पडतात, तगारी भरते. वजनापेक्षा मोठं नुकसान म्हणजे तिच्या ओलीने तिथला पत्रा आणि दाराखालचा सिल आतून गंजतो. मग आतला गालिचा उचला. एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असेल किंवा काचेच्या रबरातून पाणी येत असेल तर गालिच्याखालचा नमदा ओला सापडेल, आणि ओला नमदा हातात घेतल्यावर कळेल मी काय म्हणतोय ते. उन्हात वाळवा, गळती बुजवा, परत घाला. सीटखालची नाणी, पाना, तुटलेली छत्री आणि मागच्या गणपतीतला नारळ यांचा हिशेब तुम्ही करा.

इथपर्यंत ऐंशी किलोच्या आसपास गेले आणि गाडीतलं कंपनीचं एकही अंग आपण कापलेलं नाही. समजा गाडी काट्यावर ११२५ भरली आणि तुम्ही ७५ चे, एकूण १२००. कंपनीने या इंजिनाचे १०६ घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, सांगितले होते, म्हणजे एका घोड्यावर ११.३ किलो. ऐंशी गेले की १०.६. उचल घेताना १०६ चे ११३ घोडे झाल्यासारखं वाटेल. इतक्या जुन्या इंजिनात १०६ पैकी किती उरलेत हा वेगळा विषय, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजून घ्या. आणि हेही ऐका : याने टॉप स्पीड वाढणार नाही. वरच्या वेगात गाडी हवेशी भांडते, आणि हवा गाडीचं वजन विचारत नाही. फरक कळतो तो उचलीत, चढावर, ब्रेकमध्ये आणि वळणात.

आता मित्राची यादी. दारातले बार आणि बंपरचा बीम : नाही. त्या काळच्या गाडीत अपघाताच्या वेळी तुमच्याकडे पत्रा, बार आणि बेल्ट एवढंच असतं. तेच काढून हलकं व्हायचं असेल तर सायकल घ्या. मागची सीट : आरसीवर पाच माणसं लिहिलीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झालाच तर विमावाला हेच कलम घेऊन बसतो. शिवाय त्यात एक यांत्रिक भानगड आहे. सिटी पुढून ओढणारी गाडी, साठ टक्क्यांहून जास्त वजन आधीच पुढच्या चाकांवर. म्हणूनच धुऱ्यांचे आकडे वेगळे घ्यायला सांगितले. सीट, स्टेपनी, गालिचा असं फक्त मागून काढत गेलात तर शेपूट हलकं होतं. उतारावर वळणात ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे झुकतं, मागचं चाक आधी लॉक होतं आणि गाडी फिरते. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी सीटसकट गाडीवर बेतलेली असते. टाकी आणि सबवूफर काढल्याने हे बिघडत नाही, कारण ते मुळात नव्हतेच. उलट गाडी होंडाने बनवली तशी परत होते.

एसीचे वीसेक किलो जातात, तेही पुढून, म्हणजे कागदावर उत्तम. पण मे महिन्यात दुपारी दोनला पंचेचाळीस अंशांत चाळीसगाव ते जळगाव एकदा बिनएसीचे जाऊन या आणि मग मला लिहा. बटण बंद केलं की कंप्रेसरचा क्लच सुटतो, मग तो इंजिनाला फारसा ओढत नाही. राहू द्या.

डांबराचे पॅड, म्हणजे फ्लोअरच्या पत्र्याला चिकटवलेले ते काळे तुकडे, काढायचे लोक सांगतील. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून कडक करायचे आणि हातोडीने फोडायचे, अशी पद्धत आहे. निघतात. पाच-सात किलोंसाठी गाडी डब्यासारखी वाजते आणि तळ तापतो. निव्वळ ट्रॅकच्या गाडीत ठीक, तेही दारं-खिडक्या उघड्या ठेवून, कारण ड्राय आइसचा वायू बंद खोलीत माणसाला गुदमरवतो.

कोइम्बतूरला जाल तेव्हा ट्रॅकच्या दारात स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याची कॅन काढून ठेवा, पेट्रोल पाव टाकी ठेवा आणि घरी निघताना सगळं परत घाला. कन्नडच्या घाटाचं मात्र मनातून काढा. तिथे एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि मध्ये कुणाची तरी म्हातारी आई बसलेली एसटी. गाडीतून ऐंशी किलो कमी झाले म्हणून त्यांच्यातलं काही कमी होत नाही.

प्रश्न : मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरी करतो. त्याने तिथे १९९१ ची माझदा एमएक्स-५ घेतली आहे, दोन सीटची, उघड्या टपाची. आता तो म्हणतो कार्बन फायबरचं बॉनेट लावायचं, लिथियम बॅटरी लावायची आणि सीट काढून रेसच्या पातळ सीट बसवायच्या. खर्च युरोत आहे. मला यातलं कळत नाही, पण मुलगा हाताबाहेर चाललाय की शहाणपणाचं करतोय एवढं सांगा.
— एक वाचक, शहादा

उत्तर : आप्पा, पोरगा शहाणा आहे, गाडी चांगली निवडली. १९८९ साली माझदाने ही गाडी काढली तेव्हा हलकी ठेवणे हाच तिचा सगळा डाव होता. पहिल्या पिढीची १.६ इंजिनाची गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे चाळीसगावच्या त्या सिटीपेक्षा हलकी, आणि वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. अशा गाडीतून फार काही निघत नाही, कारण कंपनीनेच फार घातलेलं नाही.

बॉनेटचे पैसे वाचवा. त्या गाडीचं मूळ बॉनेटच अॅल्युमिनियमचं आहे. पोराला चुंबक लावून बघायला सांगा, चिकटणार नाही. कार्बनचं लावून दोन-तीन किलो सुटतील. ते पैसे हलक्या चाकांत घालू द्या, आणि चाकांबद्दल वर पुरेसं बोललोय.

बॅटरीत मात्र खरं वजन सुटतं. साधी लेड-ॲसिडची बॅटरी दहा-बारा किलोंची असेल तर तेवढंच काम करणारी लिथियम तीन-चार किलोंत बसते. आपल्याकडे मी ती सहसा सुचवत नाही. उन्हाळ्यात बॉनेटखालची भट्टी तिला मानवत नाही. त्याच्या गाडीत बॅटरी डिकीत आहे, म्हणजे उष्णतेचा प्रश्न नाही, पण जर्मनीत थंडीचा आहे. शून्याखाली लिथियम आधी मरगळते. गाडी हिवाळ्यात बंद ठेवणार असेल तर घेऊ द्या, आणि जुन्या गाडीचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) नीट व्होल्टेज देतोय का ते आधी तपासू द्या.

सीटवर माझं बोलणं थोडं कडक आहे. जुन्या सीटला मान धरणारं हेडरेस्ट असतं, पुढे-मागे करायची पट्टी असते, बेल्टशी जुळलेली उंची असते. रेसची सीट रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) आणि तिच्या स्वतःच्या बेल्टांबरोबर विचार करून बनवलेली असते. उघड्या टपाच्या गाडीत एकटी सीट बदलणं म्हणजे अर्धं काम. माझं ऐकाल तर या गाडीत पंधराएक किलो वजन वाढवा : चांगला रोल बार बसवा. गाडी उलटली तर डोक्याच्या वर दुसरं काहीही नाही. हलकं करण्याच्या नादात वाढवायचं वजन कोणतं, हे कळलं की माणूस या कामात मुरला असं मी समजतो.

जर्मनीत दर दोन वर्षांनी टीयूव्हीसारख्या संस्थेकडे गाडीची सक्तीची तपासणी असते आणि सीट, रोल बार, चाकं असे बदल त्यांच्याकडून मान्य करून कागदावर चढवावे लागतात. त्यामुळे तिथे आपल्यासारखं ‘बघू नंतर’ चालत नाही. बाप म्हणून हीच तुमची खात्री.

पोराला हौसेचं काही सांगायचंच असेल तर पोर्शेच्या १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ बद्दल सांगा. तिची हलकी आवृत्ती आरामाच्या आवृत्तीपेक्षा सुमारे शंभर किलोंनी कमी. पातळ पत्रा, पातळ काचा, मागची सीट गायब, दार ओढायला हँडलऐवजी नुसता कापडी पट्टा. पण ते शंभर किलो इंजिनिअरांनी स्प्रिंग, ब्रेक आणि टायर त्याबरोबर बसवून काढले होते. स्टुटगार्टलाच पोर्शेचं म्युझियम आहे, रविवारी जाऊन बघता येईल, तेही कार्बनच्या बॉनेटपेक्षा पुष्कळ स्वस्तात.

प्रश्न : जुन्या रेसच्या गाड्यांच्या फोटोंत पत्र्याला, ब्रॅकेटला, चेसीला गोल गोल भोकं पाडलेली दिसतात. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे आणि जुनी फियाट पालिओ १.६ आहे. भोकं पाडली तर चालेल का? ब्रेकच्या डिस्कला पण पाडतात म्हणे.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई किंवा भाऊ, सही वाचता आली नाही. ड्रिल मशीन आधी बंद करा.

भोकं पाडून वजन काढणं खोटं नाही. अमेरिकेत पाँटियाकने १९६३ साली ड्रॅग रेससाठी कॅटालिनाच्या मोजक्या गाड्या काढल्या, त्यांच्या चेसीला भोकंच भोकं होती. लोकांनी त्यांना भोकाभोकांच्या ‘स्विस चीज’चंच नाव दिलं. पण त्या सरळ रेषेत चारशे मीटर पळायला होत्या, आणि तरी त्या चेसींना पुढे तडे जायचे. तुमची पालिओ भुसावळहून रेल्वे फाटकाच्या रुळांवरून रोज जाणार.

चेसीच्या पत्र्यात ताण कुठून कुठे जातो ते बाहेरून दिसत नाही. भोकाच्या कडेला तो गोळा होतो, कड खरबरीत राहिली तर तिथूनच चीर सुरू होते आणि रंगाखाली ती महिनाभर दिसत नाही. सस्पेन्शनचे आर्म, सबफ्रेम, सीटबेल्टचे पॉइंट, स्टिअरिंगच्या आसपासचं काही, यांना भोक म्हणजे जिवाशी खेळ. घरी पाडायचंच असेल तर बॅटरीच्या ट्रेला, नंबर प्लेटमागच्या पट्टीला, डिकीतल्या स्टेपनीवरच्या फळीला पाडा. दोनशे ग्रॅम जातील. समाधान मोक्कार मिळेल.

डिस्कला तर मुळीच नाही. कंपनी भोकं पाडते तेव्हा धातू, जागा आणि कडेचा उतार ठरवून पाडते, तरी वापरात तशा डिस्कला केसासारख्या चिरा पडतात. शिवाय डिस्क उष्णता पिऊन घेणारा गोळा आहे. धातू कमी केला की ती लवकर तापते. घाटात तोरणमाळहून खाली उतरताना सातपायरीच्या वळणांवर ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं, तर मग वजन किती वाचवलं हे विचारायला कुणी थांबत नाही.

पालिओ मुळात जड हाडाची गाडी आहे आणि तीच तिची मजा आहे, खड्ड्यात ती खडखडत नाही. तिला हलकं करण्यापेक्षा पुढचे बुश, शॉकअप आणि चांगले टायर घाला. आणि स्टेपनी काढू का, असं शेवटी बारीक अक्षरात विचारलंय, त्याचं उत्तर : २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, पंक्चर काढायचं किट आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाडीला स्टेपनीशिवाय चालतं. तुमच्या पालिओत ती यंत्रणा नाही. स्टेपनी राहू द्या, फक्त तिच्यात हवा आहे का ते बघा.